वसतिगृह आधी, विद्यापीठ मागाहून
(सातारा-सांगलीकडील एका शिक्षणपरंपरेचा विचार)

'विद्यापीठ' हा शब्द आपण ज्या युरोपीय संज्ञेसाठी योजतो, तिच्या मुळाशी असलेल्या 'युनिव्हर्सितास' या लॅटिन शब्दाचा मध्ययुगातील अर्थ विद्येचे पीठ असा नव्हता. समान नियमांनी बांधलेला मनुष्यांचा समुदाय, एवढाच त्याचा अर्थ होता. अध्ययनाच्या स्थानास 'स्तुदियुम' अशी निराळी संज्ञा होती. 'कॉलेज' या शब्दाचेही तसेच आहे. पॅरिसचे सुप्रसिद्ध सोर्बोन कॉलेज रोबेर द सोर्बोन याने १२५७ च्या सुमारास स्थापिले, ते धर्मशास्त्र शिकणाऱ्या निर्धन विद्यार्थ्यांच्या निवासाची व भोजनाची सोय म्हणून. तात्पर्य, कॅथलिक युरोपात विद्यापीठीय जीवनाचा आरंभ व्याख्यानाइतकाच सहवासातून झाला. प्रस्तुत लेखात हे सूत्र हाती धरून सातारा व सांगली या जिल्ह्यांतील खाजगी उच्च शिक्षणाकडे पाहावयाचे आहे.

कॅथलिक संस्थेचे बळ कशात असते, याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज होय. जेसुइट संघाने ते १८६९ मध्ये सुरू केले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांचे व्रत घेतलेला अध्यापक हा अशा संस्थेचा कणा असतो. वेतनासाठी न आलेला मनुष्य सहसा वेतनासाठी सोडून जात नाही. त्यामुळे संस्था सरकारवर व बाजारावर सर्वस्वी अवलंबून राहत नाही.

या कल्पनेने पुण्यातील तरुण मंडळींनाही आकर्षून घेतले होते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची जी पद्धती स्वीकारली, तिची तुलना त्या काळीच जेसुइटांच्या व्रताशी केली जाई. अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे संस्थेस देण्याची ही प्रतिज्ञा होती. तीत धर्मसंघाचे व्रत होते, धर्मसंघ मात्र नव्हता. याच सोसायटीने जून १९१९ मध्ये सांगली व मिरज यांच्या दरम्यान विश्रामबाग येथे विलिंग्डन कॉलेज काढले. दक्षिण महाराष्ट्रातील मराठी व कन्नड विद्यार्थ्यांना पुण्यामुंबईस न जाता पदवीपर्यंत शिकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. गुरुदेव रा. द. रानडे यांनी येथे तत्त्वज्ञान शिकविले. कन्नड कवी वि. कृ. गोकाक हे येथे प्राचार्य होते. कन्नड वाङ्मयेतिहासकार रं. श्री. मुगळी यांनी येथे दीर्घकाळ अध्यापन केले. दोन भाषांचे असे शेजार भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सहज लाभत नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. हे दोन प्रारंभ शेजारी ठेवले म्हणजे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. विलिंग्डन कॉलेज पुण्यातील विद्वन्मंडळाची शाखा म्हणून वरून खाली आले. त्याच्यामागे विद्यापीठ, अभ्यासक्रम व प्राध्यापकवर्ग आधीच उभे होते. रयतपाशी यांपैकी काहीही नव्हते. होता तो मुलांना जेवू घालून एका छपराखाली ठेवण्याचा संकल्प.

या संकल्पाचे बीज त्याहून जुने आहे. १९१० च्या सुमारास आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दूधगाव येथे भाऊरावांनी सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रम चालविला होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची मालिकाच उभारली. तथापि ती बहुतांशी एकेका जातीची वा धर्माची होती. त्या काळाची ती गरजच होती, असे म्हणावयास हरकत नाही. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले : वसतिगृह एक, चूल एक, पंगत एक. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले, तेथे हे सर्वजातीय वसतिगृह सुरू झाले आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

येथे 'बोर्डिंग' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजीतील 'बोर्ड' म्हणजे मूळची फळी. पुढे जेवणाचे मेज. त्यापुढे त्या मेजावरील अन्न. सातारी बोलीने हा शब्द आपलासा केला, तेव्हा ही व्युत्पत्ती कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. परंतु वस्तुस्थितीने ती खरी ठरविली. गावोगाव हिंडून जमविलेले धान्य आणि मुलांचे श्रम यांवर ही संस्था जगली. वसतिगृहावर संकट आले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही दिले.

यानंतरचा क्रम विशेष आहे. निवास १९२४ चा. अध्यापक विद्यालय १९३५ चे. महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे मोफत व निवासी हायस्कूल १९४० चे. आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे. कॉलेजासाठी वसतिगृह बांधले गेले नाही. वसतिगृहातील मुलांसाठी कॉलेज काढावे लागले. 'कमवा व शिका' या योजनेत विद्यार्थी शेतात राबत, रस्ते करीत, बांधकामावर हात चालवीत आणि त्या श्रमातून आपले शिक्षण भागवीत. येथील दिनक्रमात कुदळ व पुस्तक यांस सारखेच स्थान होते. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तरी शाळा बंद पडल्या नाहीत. पुढे ते अनुदान पुन्हा सुरू झाले. याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी कॉलेजचे प्राचार्य आणि १९७५ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जेसुइट कॉलेज व विलिंग्डन कॉलेज यांत संस्था तोलून धरणारे व्रत अध्यापकाचे आहे. रयतमध्येही आजीव सेवक होते व त्यांचा त्याग उणा नव्हे. पण तेथे विद्यार्थ्याचाही वाटा संस्थेच्या भांडवलात पडला. तो शिक्षणाचा याचक नव्हता, ग्राहकही नव्हता. 'युनिव्हर्सितास' या शब्दाचा मूळ अर्थ, समान बंधनाने बांधलेला समुदाय, सातारच्या या वसतिगृहास पदवी देण्याचा अधिकार मिळण्यापूर्वीच लागू पडला होता, असे माझे प्रतिपादन आहे.

पदवी देण्याचा अधिकार मागाहून आला. सांगली जिल्ह्यातील सोनसळचे पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये पुण्यात स्थापिलेली भारती विद्यापीठ ही संस्था १९९६ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. साताऱ्यात शिवाजी कॉलेजसह रयतची तीन महाविद्यालये एकत्र करून महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापिले. पीठ आता मिळाले आहे. पंगत टिकेल काय, हा प्रश्न आहे. वसतिगृह ही केवळ खोल्यांची सोय ठरली आणि श्रम हे प्रमाणपत्रापुरते उरले, तर नाव राहील व समुदाय जाईल.

या संदर्भात एक काम तातडीचे आहे. माण, खटाव, कराड, वाळवा अशा तालुक्यांतून निरनिराळ्या जातींची मुले आपापली बोली घेऊन एका पंगतीत बसली. त्या सहवासात कोणते शब्द झडले, कोणते सर्वांचे झाले आणि परस्परांस हाक मारण्याची रीत कशी बदलली, याचा शोध केवळ कागदपत्रांतून लागणार नाही. १९५० ते १९६० या दशकात तेथे राहिलेले विद्यार्थी आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या मुखातील हा इतिहास ध्वनिमुद्रित करणे हे इतिहास व भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांस खुले असलेले क्षेत्र आहे. मात्र ते फार काळ खुले राहणार नाही.