दिवा लागतो, तरी नेट संथ का? : नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमधील सेटिंग्ज

नागपूर : इंटरनेट संथ झाले की दोष बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या माथी मारला जातो. काही वेळा मात्र खरे कारण घरातल्याच संगणकात, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये दडलेले असते. ते ओळखता आले, तर नवे कार्ड किंवा राऊटर घेण्याचा खर्च वाचतो.

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा सरकारी धोरणानुसार २५६ केबीपीएस हा ब्रॉडबँडचा किमान वेग होता. एवढ्या संथ जोडणीत कार्डाच्या सेटिंगमधील चूक सहसा लक्षात येत नसे. आता घरोघरी फायबरने १०० एमबीपीएस व त्याहून अधिक वेग मिळू लागल्याने तीच चूक ठळकपणे जाणवते.

सेटिंग्ज कोठे असतात?

ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टीम व कार्ड यांच्यातील दुभाषा होय. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स'मधील कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे. तेथील 'अ‍ॅडव्हान्स्ड' या भागात सेटिंग्जची यादी दिसते. कार्डानुसार ही यादी बदलते. लिनक्समध्ये 'ईथटूल' या आज्ञेने हीच माहिती मिळते.

स्पीड व डुप्लेक्स

'फुल डुप्लेक्स'मध्ये माहिती एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहते. 'हाफ डुप्लेक्स'मध्ये अरुंद पुलाप्रमाणे एका वेळी एकाच दिशेने. कार्ड व राऊटर यांनी आपसांत बोलून वेग व पद्धत ठरवावी, यासाठी १९९५ च्या फास्ट ईथरनेट मानकात 'ऑटो निगोशिएशन'ची सोय आली. सुरुवातीच्या उपकरणांत ती भरवशाची नसल्याने अनेक तंत्रज्ञ कार्ड '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स'वर कायम करून ठेवत.

घोळ येथेच होतो. एक टोक असे कायम केले आणि दुसरे 'ऑटो'वर राहिले, तर ऑटोवरील टोकाला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नव्हे. ते नियमानुसार हाफ डुप्लेक्स धरते. दिवा लागतो, 'पिंग'ला उत्तर येते, साधी पानेही उघडतात. मोठी फाइल मात्र रखडते. म्हणून दोन्ही टोके 'ऑटो'वर ठेवावीत; कायम करायचीच असतील, तर दोन्ही सारखीच करावीत. तांब्याच्या तारेवरील गिगाबिटच्या १९९९ च्या मानकात तर ऑटो निगोशिएशन अनिवार्यच आहे.

दोष तारेचाही

गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली, तरी जोडणी १०० वर सुरू राहू शकते आणि दोष ड्रायव्हरचा वाटतो. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची केबल उन्हाला टिकणाऱ्या आवरणाचीच असावी. राऊटरपासून संगणकापर्यंतची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

इतर सेटिंग्ज

'जम्बो फ्रेम' घरगुती जोडणीत बंदच ठेवावी. ईथरनेटच्या पाकिटाची नेहमीची मर्यादा १५०० बाइट असते. युजरनेम व पासवर्ड देऊन चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत ती १४९२ होते. नेट मध्येच तुटत असल्यास 'पॉवर मॅनेजमेंट'मधील वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढून पाहावी. 'वेक ऑन लॅन'ची गरज दुसऱ्या संगणकावरून आपला संगणक सुरू करायचा असेल तरच भासते.

खबरदारी

बदलापूर्वी मूळ सेटिंग कागदावर लिहून ठेवावी. एका वेळी एकच बदल करून वेग मोजावा. ड्रायव्हर संगणकाच्या किंवा कार्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. एवढे करूनही वेग वाढला नाही, तर दुसरी केबल लावून पाहावी आणि मगच कंपनीकडे तक्रार नोंदवावी.