गहजब, खलबत आणि मुलूखमैदान

नववीला वाक्प्रचार शिकवत होतो. फळ्यावर ‘गहजब होणे’ लिहिले आणि अर्थ सांगितला, मोठा गोंधळ उडणे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हा तर आमच्या दादीचा शब्द!’’

बरोबर होते तिचे. अरबी ‘ग़ज़ब’ म्हणजे कोप. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला, वाटेत कोप गळाला आणि नुसता गलका उरला.

आमच्या गोंदियाच्या बाजारात मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी सगळे कानावर पडते. तरी अधूनमधून कुणीतरी मला कौतुकाने म्हणतोच, ‘‘सर, तुमचं मराठी अगदी साफ आहे हो!’’ मी हसतो. ‘साफ’ही अरबीच.

‘खलबते चालणे’ घ्या. ‘ख़ल्वत’ म्हणजे एकान्त. सूफी साधक खल्वतीत बसून अल्लाहचे नाव घेतो. मराठीत त्याच एकान्ताचा खलबतखाना झाला, मसलतीची खोली. रायगडावर तो आजही दाखवतात. आता तर निवडणूक आली की वर्तमानपत्रात रोज खलबते.

सगळ्यात मजेदार ‘मुलूखमैदान तोफ’. सभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला आपण हे बिरुद देतो. खरी तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ती अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली. सुमारे १४ फूट लांब, वजन ५५ टनांच्या आसपास, तोंडाशी हत्तीला चिरडणारा सिंहासारखा जबडा. पुढे परांड्याहून १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. नाव होते ‘मलिक-ए-मैदान’, रणांगणाचा धनी. मराठी माणसाने ‘मलिक’चा ‘मुलूख’ केला. व्याकरणाने चूक, पण कानाला असे बसले की आता दुरुस्त करायला कोण धजावणार?

तासाच्या शेवटी ‘पानिपत होणे’ आले. पुस्तकात अर्थ एवढाच, दारुण पराभव होणे. मी १४ जानेवारी १७६१ ही तारीख लिहिली, आणि तोफखान्यासह लढलेल्या, शेवटी पकडून मारल्या गेलेल्या इब्राहिमखान गारदीचे नावही लिहिले.

तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. ‘‘सर, हा अब्दालीकडचा?’’

‘‘नाही बेटा. भाऊसाहेबांकडचा.’’

तिने वहीत नावाखाली रेघ मारली. तेवढ्यात घंटा झाली.