बाह्यरेषा कोणाची? किर्लोस्करवाडीच्या नांगरापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेला माणूस ‘कॅड’वर काय बोलणार? शंका रास्त आहे. कॅड चालवणारे हात आमचे नाहीत. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूची बाह्यरेषा तयार करताना जे घडते, ते एका फार जुन्या प्रश्नापाशी जाऊन पोचते. वस्तू संपते कुठे, आणि ते ठरवतो कोण? या प्रश्नाच्या इतिहासातला एक चांगला अध्याय आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत घडला आहे. तो आज आपण बघू.

सुरुवात एका अशा माणसापासून करू, ज्याला रंग नीट ओळखू येत नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म 1869. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे काही काळाने कळले की त्यांना अंशतः रंगांधळेपणा आहे. रंगकाम सुटले. दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रेषा धरली. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले.

इथे जरा थांबू या. चित्रातली रेषा आणि यंत्राच्या आराखड्यातली रेषा, यांत फरक काय? निसर्गात कुठल्याही वस्तूभोवती काळी रेघ ओढलेली नसते. आंबा बघा. त्याला कडा आहे, रेघ नाही. चित्रकार रेघ ओढतो तेव्हा तो आपल्याला काय दिसले ते सांगतो. आरेखक रेघ ओढतो तेव्हा तो दुसऱ्या कोणाला तरी काय करायचे ते सांगतो. तिथपर्यंत लोखंड ठेव, त्यापलीकडे ठेवू नकोस. एक रेषा वर्णन करते, दुसरी आज्ञा देते. म्हणून आराखड्यात दिसणारी कड जाड रेषेने काढतात, मापांच्या रेषा बारीक आणि लपलेली कड तुटक. वाचणाऱ्या कारागिराला कुठली आज्ञा आणि कुठली नुसती माहिती, हे एका नजरेत कळावे लागते.

लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावला सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. त्यात बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली, कर्जही दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बघा कसे आहे: राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. सांगली जिल्हा 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निघाला, 1960 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. जिल्ह्याची बाह्यरेषासुद्धा कोणीतरी ठरवलेलीच असते!

आणखी एक गंमत. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणाची चित्रे काढली, औंधच्या डोंगरावर 1938 मध्ये संग्रहालय उभारले. रंगात रमलेला राजा आणि रंग न दिसणारा आरेखक, असे दोघे एका माळरानावर एकत्र आले. त्यातून निघाला नांगर.

आता कारखान्यात चला. बिडाचा भाग ओतायचा तर आधी लाकडाचा पॅटर्न करावा लागतो. तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा, पॅटर्न काढायचा, पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. नवशिक्याला वाटते, पॅटर्न म्हणजे वस्तूची हुबेहूब नक्कल. तसे नसते. बीड थिजून निवताना आकसते, साधारण शंभराला एक या प्रमाणात. म्हणजे पॅटर्न तेवढा मोठा हवा. शिवाय जो पृष्ठभाग पुढे लेथवर तासायचा, तिथे जास्तीचे लोखंड ठेवायचे. आणि पॅटर्न वाळू न मोडता वर यावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. एकाच वस्तूच्या अशा दोन बाह्यरेषा झाल्या. एक पुऱ्या झालेल्या भागाची, दुसरी त्याच्या पॅटर्नची. पॅटर्नमेकर या दोन रेषांच्या मधल्या जागेत काम करतो. त्याच्याकडे वेगळी पट्टी असे, तिच्यावरची मापे आकुंचनाइतकी वाढवून कोरलेली. पट्टीच थोडी ‘खोटी’, म्हणून वस्तू खरी!

आता एक गणित करू. समजा बिडाची एक कडी हवी आहे. बाहेरचा व्यास 300 मिलिमीटर, भोकाचा 200. दोन्ही पृष्ठभाग तासायचे आहेत, दर बाजूला 3 मिलिमीटर. तर बाहेरचा व्यास वाढून 306, आणि भोक कमी होऊन 194. भोकात लोखंड शिल्लक ठेवायचे म्हणजे भोक लहान करायचे, हे पटते. आता आकुंचन. इथे बहुतेकांची गल्लत होते. कडी निवताना भोक मोठे होईल की लहान? पुष्कळ जण म्हणतात मोठे, कारण लोखंड भोकापासून दूर सरकेल. चूक. सगळी कडी एका प्रमाणात लहान होते, भोकासकट. म्हणून पॅटर्नवर दोन्ही मापे शंभराला एक वाढवायची: 309.06 आणि 195.94. तासण्याच्या हिशोबात भोक घटले, आकुंचनाच्या हिशोबात वाढले. एकाच रेषेला दोन विरुद्ध दिशांनी सरकवण्याची कारणे आहेत.

आणि इथेच संगणक येतो. 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढायची. त्यातली खरी खुबी मात्र रेषेत नव्हती, बिंदूत होती. दोन रेषा एका कोपऱ्यात भेटल्या तर यंत्र तो एकच बिंदू समजे. तो हलवला की दोन्ही रेषा हलत. कागदावर आपण दोन रेघा एकमेकींना टेकवतो, पण त्या ‘एकाच जागी’ आहेत की त्यांचा ‘बिंदू एकच’ आहे, हा प्रश्न कागद कधी विचारत नाही. संगणक विचारतो. आम्ही तादात्म्य आणि सान्निध्य यांतला भेद वर्गात वर्षानुवर्षे समजावला, आणि तो एका यंत्राच्या स्मृतीत बसवलेला निघाला!

1982 मध्ये ऑटोकॅड आले आणि पुढे हे काम साध्या संगणकावर, लहान वर्कशॉपपर्यंत पोचले. आज मिरज-कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली मुले ते रोज वापरतात. चार सुट्या रेषा काढल्या की डोळ्यांना चौकोन दिसतो. सॉफ्टवेअरला तो चौकोन नसतो, चार रेषाच असतात. त्या जोडून एक सलग ‘पॉलिलाइन’ केली, ती बंद झाली, की मग आत आणि बाहेर असा भेद जन्माला येतो. एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी रेघाटी भरताना यंत्र अडते. ज्याला बंद सीमा नाही, त्याला आतही नाही.

आता दोन आज्ञा बघा, ‘स्केल’ आणि ‘ऑफसेट’. स्केल सगळी आकृती प्रमाणात वाढवते, भोकासकट. ऑफसेट मूळ रेषेपासून ठरावीक अंतरावर समांतर रेषा काढते, आणि आत की बाहेर ते आपण सांगायचे. म्हणजे आकुंचनाला स्केल, तासण्याला ऑफसेट. पडद्यावर दोन्हींत आकृती नुसती थोडी फुगलेली दिसते. कुठली आज्ञा का द्यायची, ते लोखंड ठरवते. घाईत आकुंचनासाठी ऑफसेट वापरला तर बाहेरचे माप जुळूनही जाईल, भोक मात्र चुकेल. आणि ते कळेल भाग ओतून निवल्यावर.

आमचे म्हणणे एवढेच. जुने पॅटर्नमेकर शहाणे होते आणि आजची मुले नाहीत, असले रडगाणे आम्हाला गायचे नाही. संगणकाने हाताची चूक कमी केली, हे चांगलेच झाले. पण पूर्वी ती वेगळी पट्टी हातात घेताक्षणी कारागिराला आकुंचनाची आठवण होई. कारण हत्यारातच कोरलेले होते. आता हत्यार कारण विचारत नाही. कुठलीही रेषा क्षणात सरकवून देते. म्हणून कारण माणसाने सांभाळायला हवे, आणि ते शिकवायला हवे. 1947 पासून सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आजचे वालचंद कॉलेज. अशा ठिकाणच्या मुलांनी कॅडच्या तासाआधी एकदा फाउंड्रीत उभे राहावे, निवलेली कडी हातात घेऊन भोक मोजावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

सुरुवातीचा प्रश्न होता, बाह्यरेषा कोणाची? बिडाची म्हणावी तर ती आधी वाळूत होती. वाळूची म्हणावी तर ती आधी लाकडात होती, आणि त्याआधी कागदावर. प्रत्येक ठिकाणी ती थोडी वेगळी होती, आणि प्रत्येक फरकाला कारण होते. ते कारण ज्याला सांगता येते, रेषा त्याची. रंग न दिसणाऱ्या त्या मास्तरांनी हे नांगर करून दाखवले.

तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.