दाबाचा चढ आणि भिंतीलगतचा थर

पाणी किंवा हवा भिंतीलगत वाहते तेव्हा भिंतीला टेकलेले कण जागचे हलत नाहीत आणि तेथून थोड्याच अंतरावर वेग मूळ प्रवाहाइतका होतो. मधल्या या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. ही कल्पना लुडविग प्रांट्ल यांनी 1904 मध्ये हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत मांडली, आणि तिच्यामागे हाताने चाक फिरवून पाणी खेळवण्याचा एक साधा हौद होता, ज्यात चमकते खनिजकण सोडून त्यांनी प्रवाह भिंतीपासून सुटताना पाहिला. पुढे दाब वाढत असेल तर भिंतीजवळचे मंदावलेले कण तो चढ चढू शकत नाहीत, थबकतात आणि मागे वळतात.

हा चढ कोणाला झेपतो, हे एका विसंगतीने उघड केले. गुस्ताव आयफेल (मनोऱ्याचेच) यांना 1912 मध्ये गोलावरील हवेचा रोध प्रांट्ल यांच्या ग्योटिंगेन येथील प्रयोगशाळेच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी मिळाला, तेव्हा प्रांट्ल यांनी गोलाच्या मध्यवर्तुळाच्या किंचित पुढे बारीक तारेचे कडे बसवले आणि रोध वाढण्याऐवजी घटला. तारेने थर प्रक्षुब्ध केला होता, म्हणजे त्यात भोवऱ्यांची घुसळण सुरू झाली होती. तीच बाहेरचा वेग भिंतीपर्यंत आणते, म्हणून असा थर अधिक काळ चिकटून राहतो आणि रोध घटतो.

ही घुसळण गणितात बसवणे मात्र अवघड ठरले. 1968 मध्ये स्टॅनफर्ड येथे अशा थराच्या सुमारे 30 गणनापद्धती एकाच मोजमापसंग्रहावर तपासल्या गेल्या, तरी प्रवाह सुटण्याच्या बेतात असताना त्यांच्यावर फारसे विसंबता येत नव्हते. गृहीतकांची मदत न घेता मूळ समीकरणेच संगणकावर सोडवून फिलिप स्पालार्ट यांनी 1988 मध्ये सपाट पाटीवरचा थर उभा केला. दाबाचा तीव्र चढ आणि सुटलेला प्रवाह ना आणि मोईन या संशोधकांनी 1998 मध्ये साधला. तेथे दाब वाढवायला रुंदावणारी नळी नव्हतीच, तर गणनेच्या चौकटीच्या वरच्या कडेतून प्रवाह आधी बाहेर ओढून नंतर आत सोडला होता. युक्ती कागदावरची असली, तरी खालच्या थराला तिचा दाब खराच.

उताराची बाजूही तितकीच चमत्कारिक आहे. दाब वेगाने घसरून प्रवाह झपाट्याने धावू लागला की प्रक्षुब्ध थर पुन्हा संथ, स्तरित वागू लागतो. रोद्दम नरसिंह आणि के. आर. श्रीनिवासन यांनी 1973 मध्ये दाखवले, की अशा थरातील भोवरे मरत नाहीत. दाबाच्या ओढीपुढे त्यांचे काही चालत नाही, एवढेच.