कॅडल रोडपलीकडचा वारा : शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा इतिहास

वाचकहो, बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे मुंबईत एखादे मामाचे नाहीतर आत्याचे घर असे. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे गेले की राणीचा बाग आणि म्हातारीचा बूट यांचा एकेक दिवस ठरलेला. पण रोजची संध्याकाळ वेगळी असे. दादर-माहीमकडचे घर असेल, तर जेवणापूर्वी सारी मंडळी ‘पार्कात’ जात. तिथे दगडी कट्ट्यावर ओळीने बसायचे, शेंगदाण्यांची पुडी हातोहात फिरवायची आणि समुद्राकडून येणारा वारा खायचा. कोणी विचारले, “काय केलंत तिथे?” तर खरे उत्तर एकच होते, “बसलो होतो.”

आजचे व्याख्यान या बसण्याविषयी आहे.

शिवाजी पार्कचा इतिहास आजवर बहुधा सभांचा इतिहास म्हणून सांगितला गेला. कोण कधी बोलले, किती लाख माणसे जमली, कुठल्या पक्षाची सुरुवात तिथे झाली, याच्या नोंदी आहेत. पण सभा वर्षातून काही दिवस होते. उरलेले सारे दिवस ते मैदान फुरसतीचे असते. माझे म्हणणे असे की त्या सभांना बळ आले ते या रोजच्या, बिनकामाच्या बसण्यातून. फुरसतीलाही जागा लागते आणि ती जागा कोणाची, हा प्रश्न मुंबईत पार्कच्या जन्मापूर्वी निदान पन्नास वर्षे गाजत होता.

तिथूनच सुरुवात करू. मुंबईच्या कोटाबाहेरचे एस्प्लनेड मैदान हे एकोणिसाव्या शतकात शहराचे मोठे मोकळे अंगण होते. पारशी आणि हिंदू मुले तिथे क्रिकेट खेळत. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला. त्यात भारतीयांना सभासदत्व नव्हते. तिथले युरोपीय साहेब त्याच मैदानावर पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या जात आणि एतद्देशीयांना चेंडूफळी खेळणे अशक्य होई. त्यावर सरकारकडे अर्ज गेले आणि त्यांची उत्तरे आली. हे भांडण वर्षानुवर्षे चालले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली त्यावर एक पुस्तकच लिहिले. आज ते वाचताना जाणवते की भांडण खेळाचे कमी आणि संध्याकाळच्या दोन तासांच्या हक्काचे अधिक होते.

सरकारने तोडगा काढला तो समुद्रकाठी. बॅकबेच्या किनाऱ्यावर, केनेडी सी फेसला, पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तीन जिमखान्यांना शेजारीशेजारी जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्हचा भराव तेव्हा व्हायचा होता, त्यामुळे समुद्र जिमखान्यांच्या अगदी दाराशी होता. सोय उत्तम झाली, पण तिच्यात एक गोम होती. वारा सर्वांना सारखा मिळाला, पण तो ज्याने त्याने आपापल्या जातीधर्माच्या कुंपणात बसून खायचा होता. आणि ज्याला वर्गणी परवडत नाही, त्याने कुंपणाबाहेर उभे राहायचे.

वाऱ्याचा उल्लेख मी केवळ शोभेसाठी करीत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या चाळींत कोंडलेली हवा हे रोगाचे मूळ आहे, असे त्या काळचे अधिकारी मानीत. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्ती कापून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. समुद्रावरची हवा शहराच्या पोटात शिरावी हा त्यामागचा एक उघड हेतू होता. प्लेगचा खरा वाहक उंदरावरची पिसू आहे हे पुढे सिद्ध झाले, पण मोकळ्या हवेवरचा विश्वास टिकून राहिला. कारण चुकीचे होते, तरी मागणी रास्त होती. त्याच ट्रस्टने बेटाच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. नोकरदार माणूस गिरगावची खोली सोडून तिकडे सरकू लागला.

याच ओघात, १९२५ साली, मुंबई महापालिकेने माहीमच्या बाजूला एक विस्तीर्ण मैदान लोकांसाठी मोकळे ठेवले. क्षेत्र सुमारे २८ एकर, नाव ‘माहीम पार्क’. पश्चिमेला कॅडल रोड आणि तो ओलांडला की घरांच्या एका रांगेपलीकडे अरबी समुद्र. तिकीट नव्हते, सभासदत्व नव्हते, अमक्या जातीचा असा शिक्का नव्हता. केनेडी सी फेसच्या रांगेशी ताडून पाहा, म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळेल.

त्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेच्या मार्गावरही बोरिवलीपर्यंत वीज आली. दादर हे मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरचे स्टेशन. या दोन घटनांचा संबंध कोणी कागदावर मांडलेला नसेल, पण तो समजायला अवघड नाही. कचेरी सुटलेला कारकून दिवस मावळण्याच्या आत घरी पोहोचू लागला, तर त्याच्या पदरात संध्याकाळ पडते. फुरसतीला जागेइतकाच वेळही लागतो आणि दादरकरांना दोन्ही एकाच दशकात मिळाले.

आता नावाची गोष्ट. १९२७ साली माहीम पार्कचे ‘शिवाजी पार्क’ झाले. त्यासाठी पुढाकार घेतला महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांनी. इंदूरच्या वाचकांनी इथे जरा सावरून बसावे, कारण अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ चा आणि तोही इंदूरचा. १९१७ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्या चंपारणच्या खेड्यात शिकवायला गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले, त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज स्थापन केला. महाराष्ट्रातल्या सर्वांत मराठमोळ्या समजल्या जाणाऱ्या मैदानाचे नाव अशा रीतीने माळव्यात जन्मलेल्या बाईंच्या आग्रहाने पडले आहे. बाहेरच्या मराठी माणसांनी मुंबईला काय दिले, असे कोणी विचारले तर हे उत्तर हाताशी ठेवावे.

नाव १९२७ सालीच का दिले? ते शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे वर्ष मानले गेले म्हणून. बखरींवरून चालत आलेली जुनी समजूत अशी की महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ चा. पण टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे विद्वानांत तीच बहुमान्य झाली. तेव्हा पार्काच्या नावात एक जुनी, मागे पडलेली तिथी गोठून राहिली आहे. मला यात काही खटकत नाही. शहरांची नावे संशोधकाच्या टिपणावरून पडत नाहीत. लोकांच्या मनात त्या दिवशी जे असते, त्यावरून पडतात.

मैदानातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा तुम्ही पाहिला असेल. तो लोकवर्गणीतून उभा राहिला. त्याच्या हातात उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. वेढ्याला निघालेल्या सेनापतीपेक्षा रयतेला वाट दाखवणारा राजा तिथे उभा आहे. खाली ज्यांची मुले खेळतात, त्यांना हाच राजा शोभतो.

पण पार्काचे खरे शिल्प मला विचाराल तर तो पुतळा नाही, कट्टा आहे. मैदानाला वळसा घालणारा, सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर लांबीचा, माणसाला सहज बसता येईल इतपत उंचीचा. तो कुंपणही आहे आणि बाकही. आत तोंड करून बसले तर खेळ दिसतो, बाहेर तोंड केले तर रस्ता. सकाळी त्यावर फिरून दमलेले वृद्ध, दुपारी डबा सोडलेला कामगार, संध्याकाळी कॉलेजची पोरे, आणि मंगळसूत्र सावरीत भाजीची पिशवी बाजूला ठेवून टेकलेल्या बायका. या शेवटच्यांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. देवळात, हळदीकुंकवाला, बाजारात जायला बाईला कारण असे. कारणाशिवाय उघड्यावर तासभर बसण्याची मुभा तिला फार थोड्या जागांनी दिली. चार पिढ्यांच्या मध्यमवर्गीय बायकांना ती या कट्ट्याने दिली.

कट्ट्याच्या आत खेळ चाले. एकाच मैदानात शेजारीशेजारी अनेक सामने रंगतात आणि एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाच्या पाठीशी उभा असतो. रमाकांत आचरेकर सरांनी इथेच पोरे घडवली. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून ते सचिन तेंडुलकरला खेळवीत, बाद न होता राहिला तर नाणे त्याचे, ही गोष्ट खुद्द सचिननेच अनेकदा सांगितली आहे. एस्प्लनेडवर घोड्यांच्या टापांखाली गेलेल्या त्या खेळपट्टीचे उत्तर इथे मिळाले, असे मला वाटते.

आणि मग सभा. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि आचार्य अत्र्यांच्या भाषणांनी हे मैदान दुमदुमू लागले. “बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे” ही घोषणा ज्यांच्या कानावर पडली, त्यांच्यापैकी काही आपल्या वाचकांत आजही असतील. १०० हून अधिक माणसांनी त्या लढ्यात प्राण दिले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पण घोषणेतली पहिली पाच नावे बाहेरच राहिली. बेळगावच्या माणसाला पार्कात बसताना वाऱ्याबरोबर एक बोचही लागते, ती यामुळे. त्या मैदानावर त्याचे नाव सर्वांत मोठ्याने घेतले गेले होते.

त्याच १९५६ च्या ७ डिसेंबरला, इथून जवळच दादरच्या चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात आणि त्यांतली बरीचशी पार्कात मुक्काम करतात. मैदानभर पुस्तकांची दुकाने लागतात. अंगावरचे कपडे जुने, पण पिशवीत नवे पुस्तक, असे दृश्य आपल्या साहित्य संमेलनांनीही बघून ठेवावे. हे मैदान कोणा एकाचे नाही, याची याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही. शेजारपाजारच्या काही घरांना त्या दिवसांत गर्दी नकोशी होते, हेही खरे. पण केनेडी सी फेसची कुंपणे आठवा, म्हणजे ती नाराजी कुठून येते ते समजेल.

२०१० साली उच्च न्यायालयाने पार्काचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. कर्ण्यांना लगाम बसला. सभांवर पोसलेल्या पिढीला ते रुचले नाही, रहिवाशांना रुचले. मला दोन्ही बाजू कळतात. पण हा झगडा आवाजाचा आहे तसाच तो जुनाच आहे. संध्याकाळचे दोन तास कोणाचे, बसणाऱ्याचे की बोलणाऱ्याचे?

याचे उत्तर शोधताना मला गोवा आठवतो. पणजीला मांडवीच्या काठी, कांपालला, सुंदर बाग होती, नदीच्या मुखावरून येणारा समुद्राचा वारा होता. पण सालाझारच्या राजवटीत चार माणसांनी जमून मोकळेपणी बोलायची सोय नव्हती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून भाषण सुरू केले, तेव्हा त्यांना अटक झाली. आज ती जागा लोहिया मैदान म्हणून ओळखली जाते. वारा खायला मोकळीक आणि तोंड उघडायला बंदी, अशी फुरसत म्हणजे हवेशीर कोठडीच. उलट नुसत्याच सभा असतील आणि रोजचे बसणे नसेल, तर सभेला येणारी माणसे एकमेकांना अनोळखी राहतात. रोज शेजारी बसणारी माणसेच वेळ आल्यावर शेजारी उभी राहतात. कट्टा आणि व्यासपीठ ही एकाच मैदानाची दोन टोके आहेत. एक गेले की दुसरे फार दिवस टिकत नाही.

वाचकहो, शेवटी एक विनंती. बडोद्याची कमाटी बाग १८७९ सालची, सयाजीरावांच्या काळातली. तुमच्याही गावात अशी एखादी बाग, तळ्याचा काठ, किल्ल्याचा खंदक असेल. तिथे कोण बसत असे, कोणाला बसू देत नसत, बायका कधीपासून येऊ लागल्या, मराठी आणि कानडी, मराठी आणि हिंदी बोलणारी म्हातारी माणसे एकाच बाकावर काय बोलत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. राजांच्या मोहिमांची कागदपत्रे दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत. बसलेल्या माणसांचे दप्तर कुणी ठेवलेले नाही. ते त्यांच्याबरोबरच उठून जाते.