पेडण्याचा बोगदा आणि पाण्याची वाट

सावंतवाडी रोडहून गाडी दक्षिणेस निघाली म्हणजे मडुरें हें आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचें शेवटचें स्टेशन लागतें. पुढें गोमंतकाची हद्द, आणि तेथेंच पेडण्याचा बोगदा. लांबी अवघी दीड किलोमीटर. डिसेंबरांत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणास रेल्वेनें जुन्या गोव्याकडे जाणारे आपले बंधुभगिनी तो मिनिट-दोन मिनिटांत ओलांडतात. ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत चर्चच्या भिंतींविषयीं इतरत्र लिहिलेलें वाचकांस मिळेलच. आम्ही मात्र ह्या बोगद्याच्या भिंतीविषयीं चार शब्द लिहितों. कारण ढांसळणारी भिंत सांवरावी कशी, ह्या विद्येचा धडा आपल्या दाराशींच घडला आहे.

कोंकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० सालीं स्थापन झालें. त्या वेळीं जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, व आपल्या राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधि प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री होते. कामाची धुरा ई. श्रीधरन ह्यांजकडे आली. काळा पाषाण फोडण्यास स्वीडनहून यंत्रें आणलीं, आणि कठीण खडकांत तीं उत्तम चाललीं. परंतु ९ बोगदे मऊ मातींतून न्यावयाचे होते, आणि तेथें त्या यंत्रांचा कांहीं उपयोग होईना.

आपल्याकडे ज्यानें विहीर खणली आहे त्यास ही माती ठाऊक आहे. वर चिऱ्याचा थर, पहारीस सहजीं दाद न देणारा. त्याखालीं पांढुरकी, साबणासारखी बुळबुळीत माती. कोरडी असतां ती उभी राहते, भिजली कीं वाहूं लागते. पेडण्यास तर जमिनींतील पाणी मुबलक. खणावें, तों बाजू आंत याव्यात. उपसावें, तों पाणी पुन्हां भरावें. अशा मातींत बोगद्याचें सबंध तोंड एकदम उघडतां येत नाहीं. थोडेंसें कोरावयाचें, तत्काळ पोलादी कमानीचा आधार द्यावयाचा, आणि मगच हातभर पुढें सरकावयाचें. आणि हें बहुतेक सारें माणसांच्या हातांनीं. ढांसळलें तर तेंच काम पुन्हां आरंभावयाचें. ह्या मऊ मातीच्या बोगद्यांनीं मिळून १९ माणसांचे प्राण घेतले. शेवटीं सबंध मार्ग पेडण्याकरितां अडून राहिला. जानेवारी १९९८ मध्यें तो बोगदा पुरा झाला, आणि २६ जानेवारीस रोह्यापासून मंगळुरापर्यंत गाड्या चालूं लागल्या.

आमच्या मतें ह्या सर्व खटाटोपांत खरा शत्रु माती नव्हे, पाणी होय. आपल्या वाडवडिलांस हें पुरतें कळलें होतें. चिऱ्यांचा गडगा ते चुन्यावांचून रचीत. परक्यास तो दारिद्र्याचा देखावा वाटे. परंतु आषाढांतलें पाणी त्याच्या फटींतून निघून जातें, म्हणून गडगा उभा राहतो. तीच भिंत सिमेंटनें घट्ट बांधून पाण्यास वाट ठेविली नाहीं, तर मागचा भार तिला बाहेर ढकलतो.

पण पाण्यास वाट देतांच येत नसेल तर? इंग्लंडांत विंचेस्टर येथील कॅथिड्रलवर, जें बांधण्यास १०७९ सालीं आरंभ झाला, गेल्या शतकाच्या प्रारंभीं हाच प्रसंग आला. भिंती कलल्या, भेगा रुंदावल्या. पायाखालीं कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर व त्यांत पाणी. तें उपसावें, तर त्याबरोबर मातीहि जाऊन भिंतच बसण्याचें भय. तेव्हां फ्रान्सिस फॉक्स ह्या बोगदे बांधण्यांत मुरलेल्या इंजिनियरानें पाणी उपसण्याचा नादच सोडला आणि विल्यम वॉकर नांवाच्या पाणबुड्यास खालीं उतरविलें. १९०६ पासून १९११ पर्यंत हा मनुष्य गढूळ पाण्यांत, केवळ हातांच्या स्पर्शानें, काँक्रीटचीं पोतीं पायाखालीं रचीत होता. एकंदर २५,८०० पोतीं कामीं आलीं. तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसलें, आणि मग गवंडी उतरले. पुढें ह्या वॉकरचा पुतळा उभारिला, तर चेहरा चुकून फॉक्ससाहेबांचा बसविला गेला! मजुराच्या वेषावर साहेबाचें तोंड. तें दुरुस्त होण्यास २००१ साल उजाडावें लागलें.

पेडण्याचें पाणीहि थकलेलें नाहीं. ६ ऑगस्ट २०२० रोजीं पहांटेपूर्वीं, मुसळधार पावसांत, बोगद्याच्या भिंतीचा सुमारें ५ मीटर भाग कोसळला, आणि कित्येक दिवस गाड्या पुणें, मिरज व लोंढ्यावरून न्याव्या लागल्या. पुन्हां ९ जुलै २०२४ च्या दुपारीं बोगद्यांत पाणी व चिखल आला. रात्रीं मार्ग मोकळा करून गाड्या सोडल्या. पण पहांटे तीनच्या सुमारास पाणी फिरून वर आलें. गाड्या रद्द झाल्या, कांहीं वळविल्या, कामगार पुन्हां आंत शिरले. १० तारखेच्या रात्रीं मार्ग सुरू झाला, तेव्हां पावसाळ्याचे दोन-अडीच महिने अजून शिल्लक होते.