अंपायरचं काम गेलं, खेळाडूचं राहिलं

मागच्या काही एपिसोडनंतर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: एआय आल्यावर खेळाडूंचं काय होणार? यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, आणि सगळे २०५० ची गोष्ट सांगतात. मी उलटं करणार आहे. खेळात मशीन येऊन तीस वर्षं होऊन गेलीत. म्हणजे या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात लिहिलेलं आहे, आपण फक्त तिकडे बघत नाही. आज दोन गोष्टी सांगतो. एक मुंबईच्या मुलाची, एक नागपूरच्या मुलीची.

पहिली गोष्ट. १४ नोव्हेंबर १९९२, डर्बन. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांची टेस्ट चालू आहे. सचिन तेंडुलकर १९ वर्षांचा, ११ रनांवर खेळतोय. रनसाठी पुढे आला, परत फिरला, आणि तेवढ्यात जॉन्टी ऱ्होड्सचा थ्रो आला. मैदानावरचे अंपायर सिरिल मिचली यांनी बोट वर केलं नाही, मानही हलवली नाही. त्यांनी हवेत हातांनी चौकोन काढला. आत टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लिबेनबर्ग यांनी रिप्ले पाहिला आणि आउट दिलं. इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये थर्ड अंपायरनं आउट दिलेला पहिला बॅट्समन म्हणजे आपला सचिन.

आता याच्या अकरा वर्षं मागे चला. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. सुनील गावसकर ७० वर, डेनिस लिलीचा बॉल पॅडवर लागला, अंपायर रेक्स व्हाइटहेड यांनी एलबीडब्ल्यू दिलं. गावसकरचं म्हणणं, आधी बॅटची कड लागली होती. प्रकरण इतकं तापलं की त्यानं समोरच्या चेतन चौहानलाही सोबत घेतलं आणि बाहेर चालू लागला. बाउंड्रीजवळ टीमच्या मॅनेजरनी चौहानला परत पाठवलं म्हणून मॅच वाचली. पुढे ऑस्ट्रेलियाला ८३ मध्ये गुंडाळून आपण ती ५९ रनांनी जिंकलीसुद्धा. पण विचार करा, हातात रिव्ह्यू असता तर गावसकरनं शांतपणे 'टी'ची खूण केली असती आणि स्क्रीनकडे बघत उभा राहिला असता. त्या दिवशीचा राग आपल्याला कळलाच नसता.

रन-आउटला रिप्ले पुरतो. एलबीडब्ल्यूला पुरत नाही, कारण तिथे जे घडलंच नाही ते सांगायचं असतं: पाय मध्ये नसता तर बॉल कुठे गेला असता? हे काम हॉक-आय करतं. पॉल हॉकिन्स या इंग्लंडच्या इंजिनिअरनं ते बनवलं आणि २००१ मध्ये ते पहिल्यांदा क्रिकेटच्या टीव्हीवर दिसलं. आतून कल्पना साधी आहे. मैदानाभोवती वरच्या बाजूला कॅमेरे असतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये बॉल शोधायचा, सगळ्या कोनांवरून त्याची हवेतली नेमकी जागा काढायची, आणि टप्पा पडल्यापासून पॅडपर्यंतच्या प्रवासावरून पुढची वाट काढायची. शेवटचा भाग हा अंदाज असतो. चांगला असतो, पण अंदाजच.

२००८ मध्ये श्रीलंकेच्या दौऱ्यावर रिव्ह्यूची पहिली चाचणी झाली. आपले जवळजवळ सगळे रिव्ह्यू फुकट गेले. त्यानंतर बीसीसीआय बरीच वर्षं अडून बसलं आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धच्या राजकोट टेस्टपासून भारतात डीआरएस आलं. मधल्या काळात २०११ चा वर्ल्ड कप मात्र आयसीसीचा होता, त्यामुळे तिथे रिव्ह्यू होता. मोहालीची सेमीफायनल आठवा. सईद अजमलच्या बॉलवर सचिनला २३ वर एलबीडब्ल्यू दिलं, सचिननं रिव्ह्यू घेतला, बॉल लेग स्टंप सोडून जाताना दिसला. तो पुढे ८५ करून गेला. डर्बनला मशीननं त्याला घरी पाठवलं, मोहालीला मशीननं त्याला ठेवलं.

'अंपायर्स कॉल'वर आपण सगळेच चिडतो. लागतोय तर आउट द्या ना! पण डेव्हलपर म्हणून मला तो नियम सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बॉलचा निम्म्यापेक्षा कमी भाग स्टंपला लागेल असं दिसलं, तर मैदानावरच्या माणसाचाच निर्णय राहतो. म्हणजे मशीन म्हणतं, इथे माझीही खात्री नाही. आज किती ॲप असं म्हणतात, सांगा बघू?

टेनिसनं ही पायरीसुद्धा ठेवली नाही. २०२५ मध्ये विम्बल्डननं लाइन जज काढून टाकले. जवळपास दीडशे वर्षं रेषेवर वाकून उभी राहणारी माणसं त्या वर्षी नव्हती. आणि त्याच स्पर्धेत पाव्ल्युचेन्कोवाच्या एका मॅचमध्ये कोर्टच्या एका बाजूची सिस्टिम चुकून बंद झाली होती. बॉल बाहेर पडला, सगळ्यांना दिसला, पण 'आउट' म्हणायला तिथे कुणी नव्हतं. शेवटी पॉइंट पुन्हा खेळवला.

आता दुसरी गोष्ट, बुद्धिबळाची. इथे मशीननं पंचाच्या नाही, थेट खेळाडूच्या खुर्चीला हात घातला. ११ मे १९९७, न्यूयॉर्क. आयबीएमच्या डीप ब्लूनं जगज्जेत्या गॅरी कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं. हे मशीन सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. बुद्धिबळ संपलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. कॅल्क्युलेटर समोर असताना पाढ्यांची स्पर्धा कोण बघेल?

आणि बघा योगायोग. त्याच १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. विश्वनाथन आनंद आणि दिब्येंदू बारुआ यांच्यानंतर भारताचे तिसरे. म्हणजे ज्या वर्षी माणूस हरला, त्या वर्षी एवढ्या मोठ्या देशात ग्रँडमास्टर होते फक्त तीन.

पुढे मशीन थांबलं नाही. २००६ मध्ये क्रॅमनिक डीप फ्रिट्झकडून हरला. २०१७ मध्ये अल्फाझिरोला फक्त नियम सांगितले, ते स्वतःशीच खेळून शिकलं आणि तेव्हाच्या तगड्या स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत एकही हरलं नाही. आज तुमच्या खिशातला फोन जगज्जेत्यापेक्षा चांगलं बुद्धिबळ खेळतो.

आणि भारतात काय झालं? जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. समोरासमोर दोघी भारतीय: कोनेरू हंपी आणि नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. रॅपिड टायब्रेकमध्ये घड्याळ पळत असताना हंपीच्या हातून चूक झाली आणि दिव्या जिंकली. त्या विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. तीनावरून अठ्ठ्याऐंशी, आणि हे सगळं मशीन जिंकल्यानंतर. दिव्याचा जन्म २००५ चा. माणूस मशीनपेक्षा भारी आहे असं जग तिनं पाहिलेलंच नाही.

यात आनंदचा वाटा मोठा आहे, इंटरनेटचा आहे, घरच्यांच्या कष्टांचा आहे. पण इंजिनचाही आहे. एकेकाळी बुद्धिबळाचं ज्ञान सोव्हिएत शाळांमध्ये साठलेलं होतं. स्टॉकफिश फुकट आहे, ओपन सोर्स आहे. नाशिकच्या विदित गुजरातीला आणि नॉर्वेच्या कार्लसनला तेच इंजिन मिळतं.

किंमतही मोजावी लागली. पूर्वी डाव लांबला की थांबवायचे. खेळाडू आपली चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचाकडे द्यायचा आणि दोन्ही बाजूंची मंडळी रात्रभर पट मांडून बसायची. कॉम्प्युटर आला आणि ही प्रथाच गेली, कारण रात्रीत उत्तर मशीनच देणार. दुसरी किंमत संशयाची. २०२२ मध्ये कार्लसन एका डावात हरल्यावर स्पर्धा सोडून निघून गेला आणि जगभर चिटिंगची चर्चा पेटली. समोरच्यानं त्या डावात चिटिंग केल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही, पण आता मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. अचानक कुणी छान खेळलं की आधी टाळी नाही, शंका येते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक रेघ दिसते. अंपायर आणि लाइन जज यांचं काम होतं बरोबर असणं. बॉल आत की बाहेर, बस्स. त्या कामात मशीन सरस ठरलं आणि माणूस बाजूला झाला. खेळाडूचं काम बरोबर असणं हे कधीच नव्हतं. त्या टायब्रेकमध्ये कोणती चाल बरोबर, हे बघणाऱ्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर इंजिन दाखवत होतं. तरी लोक बघत होते, कारण दोघींना ते दिसत नव्हतं. घड्याळ चालू असताना, हात थरथरत असताना त्या काय करतात हे बघायचं होतं.

म्हणून मला खेळाडूंची फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती खेळाच्या कडेनं जगणाऱ्या माणसांची: अंपायर, स्कोअरर, व्हिडिओ ॲनालिस्ट. आमच्या भाईंदरच्या मैदानांवर टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तिथे दिवसाच्या मानधनावर उन्हात उभे राहणारे अंपायर असतात. कॅमेरे स्वस्त होतायत, स्कोअरिंग ॲपवर गेलंय. विम्बल्डनच्या लाइन जजची निदान जगभर बातमी झाली. यांची कोण करणार?

आणि खरं सांगू? हा प्रश्न मी फक्त खेळासाठी विचारत नाही. मी कोड लिहितो. माझ्या कामाचा कितीतरी भाग बॉल आत की बाहेर एवढाच आहे: टेस्ट पास की फेल, बिल्ड चाललं की नाही. तो भाग मशीन आत्ताच माझ्यापेक्षा भराभर करतं. विरार लोकलमध्ये मीरा रोडला आत घुसायला जागा मिळालीच, तर उभ्या उभ्या मी हाच हिशोब करतो, की माझ्या दिवसातले किती तास लाइन जजचे आणि किती खेळाडूचे. सध्या आकडा फार बरा नाही. पण तो बदलायला हाताशी वेळ आहे, आणि तेवढा वेळ त्या लाइन जजना मिळाला नव्हता.

तुम्हीही आज एकदा हा हिशोब करून बघा. तुमच्या कामात घड्याळ चालू असताना फक्त तुम्हालाच करावी लागते अशी चाल कोणती? ती मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू, तोपर्यंत काळजी घ्या!